हे तुम्हाला फर्स्ट इयरला झालंय

प्रति,
तंत्रशिक्षण संचालनालय,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष,
आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या अभियांत्रिकी अभ्यासमंडळांचे अध्यक्ष व सदस्य

विषय : डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला, त्यातही शाखा बदलून, येणाऱ्या विद्यार्थ्यांचा सेतू अभ्यासक्रम (ब्रिज कोर्स)

सप्रेम नमस्कार,

डिग्रीच्या वर्गातला माझा पहिला दिवस सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उजाडला. बाकीच्यांचं सेमिस्टर केव्हाच सुरू झालं होतं. एम-थ्रीचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या विषयाचा, तास होता. मॅडमनी गणित अर्ध्यापर्यंत सोडवलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पुढचं तुम्ही करा, हे तुम्हाला फर्स्ट इयरला झालंय." पुढच्या बाकांवर पेनं चालू लागली. मागच्या दोन बाकांवर आम्ही सात जण बसलो होतो. हजेरीपटावर सगळ्यात शेवटी नावं चढलेले आम्ही 'डायरेक्टवाले'. आमच्यापैकी कुणीही फर्स्ट इयर पाहिलं नव्हतं.

त्या सेमिस्टरमध्ये हे वाक्य मी जवळजवळ प्रत्येक विषयात ऐकलं. डेटा स्ट्रक्चर्सच्या सरांनी लिंक्ड लिस्ट काढायला घेतली तेव्हा पॉइंटर झालेला होता. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला बायनरी आणि हेक्साडेसिमल झालेलं होतं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून कॉम्प्युटरला आलो होतो. सी भाषेशी माझी ओळख नावापुरती होती आणि पॉइंटर हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. यात शिक्षकांचा दोष नव्हता. वर्गातल्या बहुतेकांना ते खरोखरच झालेलं होतं आणि त्यांच्यासमोर सेमिस्टरभराचा सिलॅबस उभा होता.

आज मी प्रोग्रॅमर म्हणून नोकरी करतो. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी एका अभ्यासिकेत डायरेक्ट सेकंड इयरच्या मुलामुलींना एम-थ्री शिकवतो. फी घेत नाही, कारण मला कुणी शिकवलं असतं तर काय झालं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे. मागच्या बाकावरून आणि फळ्याजवळून, अशी दोन्हीकडून ही गोष्ट पाहिली म्हणून हे पत्र.

आधी एका गोष्टीबद्दल मनापासून आभार. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी डिप्लोमा अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेचा चालतो. खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के, एवढीच अट आहे. हा नियम नसता तर मी आज जिथे आहे तिथे नसतो. दहावीनंतर डिप्लोमाला जाणारा मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. शाखा कशी ठरते? मी मेकॅनिकल घेतलं, कारण एसटीने चाळीस मिनिटांवरच्या तंत्रनिकेतनात त्याच शाखेत नंबर लागला, आणि मामा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते म्हणून घरात त्या शाखेबद्दल विश्वास होता. माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांची कथा अशीच होती. कुणाच्या भावाने सांगितलं, कुणाला तेवढीच जागा उरली होती.

आवड नंतर कळते, आणि काम करता करता कळते. मला ती सीएनसीच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या, लॅबमध्ये कळली. लेथवर हाताने जॉब काढण्यात माझं मन रमत नव्हतं, पण तोच जॉब जी-कोडमध्ये, म्हणजे त्या मशीनला सूचना देणाऱ्या भाषेत, लिहिताना वेळेचं भान राहत नव्हतं. एक ओळ चुकली की टूल भलतीकडे जायचं. ती ओळ शोधण्यात मला जी मजा यायची ती दुसऱ्या कशातच आली नाही. म्हणून मी शाखा बदलली. काही ज्येष्ठ प्राध्यापक अजूनही म्हणतात की ज्या शाखेचा डिप्लोमा, त्याच शाखेची डिग्री घ्यावी. त्यांच्या काळजीमागचा अनुभव खरा आहे, कारण शाखा बदललेली मुलं अडखळताना त्यांनी पाहिली आहेत. पण पंधराव्या वर्षी एसटीच्या मार्गावर ठरलेली गोष्ट विसाव्या वर्षी दुरुस्त करायची संधीच काढून घेणं, हा त्यावरचा उपाय नव्हे.

उपाय त्याच नियमात लिहिलेला आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पात्रतेच्या या अटी जिथे दिल्या आहेत, तिथेच शेवटी कंसात एक वाक्य आहे. वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठं गणित, भौतिकशास्त्र, इंजिनीअरिंग ड्रॉइंग अशा विषयांचे योग्य ते सेतू अभ्यासक्रम उपलब्ध करतील, असा त्याचा अर्थ. आपल्या राज्याच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतही ते वाक्य येतं. माझं सगळं पत्र त्या कंसातल्या वाक्याबद्दल आहे. नियमाचा पहिला भाग आपण काटेकोर पाळता. टक्के, दाखले, प्रवर्ग, सगळं तपासलं जातं. त्या कंसाचं काय झालं, हे कुणी तपासत नाही.

माझ्या वेळी तो सूचनाफलकावर एक कागद होऊन आला. चार शनिवार, दुपारी दोन ते चार. पहिल्या शनिवारी एक सर आले आणि त्यांनी मन लावून शिकवलं. दुसऱ्या शनिवारी कॉलेजात कार्यक्रम होता. तिसऱ्या शनिवारी आमची प्रॅक्टिकलची जादा बॅच होती. चौथ्या शनिवारी एक कोरा तक्ता फिरला आणि त्यावर चारही दिवसांच्या सह्या घेतल्या गेल्या. मीही केल्या. तेव्हा मला ते सोयीचंच वाटलं होतं, कारण दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं. आज माझ्याकडे येणारी मुलं सांगतात की त्यांना एक पीडीएफ ग्रुपवर मिळाली, किंवा काहीच मिळालं नाही. काही महाविद्यालयांत हे वर्ग मनापासून चालतात, हेही मला माहीत आहे. पण ते तिथल्या एखाद्या शिक्षकाच्या चांगुलपणावर चालतात. तो शिक्षक बदलून गेला की बंद पडतात.

आता दरी नेमकी कुठे आहे ते सांगतो, कारण 'डिप्लोमावाल्यांचं गणित कच्चं असतं' या एका वाक्यात ती झाकून टाकली जाते. डिप्लोमाच्या आय-स्कीममध्ये, म्हणजे राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ पासूनच्या अभ्यासक्रमात, गणिताचे दोनच विषय होते. पहिल्या सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्स, दुसऱ्याला अप्लाइड मॅथेमॅटिक्स. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत व्हायची. त्यानंतर गणिताचा पेपर नव्हता. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा मे महिन्यात दिलेला मुलगा डिग्रीच्या वर्गात सप्टेंबरमध्ये बसतो तेव्हा मध्ये दोन वर्षं आणि चार महिने गेलेले असतात. इतक्या काळात कुणाचंही इंटिग्रेशन गंजतं.

गंजलेलं घासून काढता येतं. जे कधी शिकवलंच नाही त्याचं काय? पार्शल डिफरन्सिएशन, आयगेन व्हॅल्यू, बीटा-गॅमा फंक्शन, डबल आणि ट्रिपल इंटिग्रल हे सगळं डिग्रीच्या एम-वन आणि एम-टूमध्ये येतं. डायरेक्टवाल्यांना ही दोन्ही सेमिस्टर माफ असतात. 'माफ' हा आपला शब्द. मुलाच्या दृष्टीने ती सेमिस्टर वजा झालेली असतात. मग एम-थ्रीमध्ये व्हेक्टर कॅल्क्युलस येतं. ग्रेडियंट काढायला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतो, स्टोक्सचं थिअरम लावायला सरफेसवरचं इंटिग्रल लागतं.

माझ्या रविवारच्या वर्गात एकदा एका मुलीने विचारलं होतं, "सर, आमचे सर डी असा गोल वळवून का काढतात?" ती तीन आठवडे समजत होती की ते त्यांचं अक्षर आहे. तिला डिप्लोमाला ८८ टक्के होते. ती हुशार होती, मेहनती होती आणि प्रश्न विचारायला लाजत नव्हती. तरीही तीन आठवडे ती त्या चिन्हाला साधा डी समजून गणितं सोडवत होती आणि उत्तरं का येत नाहीत म्हणून स्वतःलाच दोष देत होती. पार्शल डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे मी तिला समजावलं त्याला वीस मिनिटं लागली. बाकीची चलं तात्पुरती स्थिर धरायची, एवढीच तर कल्पना आहे. ती वीस मिनिटं तिला कॉलेजात कुठेच मिळाली नव्हती.

हे झालं सगळ्या डायरेक्टवाल्यांचं. शाखा बदलणाऱ्याचं ओझं याच्या दुप्पट असतं, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून सिव्हिललाच आलेल्या मुलासमोर एम-थ्री हा एकच डोंगर असतो. सर्व्हेइंग, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, बिल्डिंग ड्रॉइंग त्याने केलेलं असतं, हातानेही केलेलं असतं. त्या विषयांत तो वर्गात पुढे असतो, मित्रांना शिकवतो, त्याला मान मिळतो. त्या मानाच्या बळावर तो एम-थ्रीशी झुंजतो. शाखा बदलून आलेल्याला असा एकही विषय नसतो. पाचही विषय नवे, वर्गातले मित्र नवे, शहरही बहुधा नवं. शिवाय नियमित मुलांना कॉलेजची पहिली झळ फर्स्ट इयरला बसून गेलेली असते. चुकायला त्यांना एक वर्ष मिळालेलं असतं. डायरेक्टवाल्याचं पहिलं वर्ष हेच दुसरं वर्ष असतं आणि तेही आधीच सुरू झालेलं.

वसतिगृहात माझ्या खोलीत एक मित्र होता. सिव्हिलचा डिप्लोमा करून आयटीला आलेला. टोटल स्टेशन (जमीन मोजण्याचं यंत्र) लावणं, लेव्हल घेणं यात त्याचा हात इतका बसलेला होता की डिप्लोमाला असताना शेजारच्या गावचा कंत्राटदार त्याला सुटीत बोलावून न्यायचा. आयटी घेतलं, कारण त्या वर्षी सगळे घेत होते. तिसऱ्या सेमिस्टरला त्याचे चार विषय राहिले. चौथ्या सेमिस्टरमध्ये त्याने मागचे सोडवायचे की पुढचे करायचे या ओढाताणीत दोन्ही सोडले. वायडी (इयर डाउन) लागला, म्हणजे वर्ष वाया गेलं. घरून कर्ज काढलेलं होतं, बसून राहणं परवडणारं नव्हतं, तो परत गेला. आता साइटवर सुपरवायझर आहे आणि कामात चोख आहे. दोन वर्षांपूर्वी भेटला तेव्हा म्हणाला, "आयटीत नक्की काय शिकतात हे मला ऑप्शन फॉर्म भरताना कुणी सांगितलं असतं, तर मी सिव्हिलच भरलं असतं." मी त्याला काही बोललो नाही. मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं. माझं जमलं, त्याचं नाही, आणि आमच्या दोघांच्या बुद्धीत काही फरक नव्हता.

हा मूठभर मुलांचा प्रश्न आहे असं कुणाला वाटेल. मंजूर क्षमतेच्या १० टक्के जागा थेट दुसऱ्या वर्षासाठी जादा असतात. ६० च्या वर्गात त्या सहाच होतात. पण पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही यातूनच भरतात. ज्या वर्गात फर्स्ट इयरच्या वीस जागा भरल्याच नाहीत, तिथे सव्वीस डायरेक्टवाले बसू शकतात. अशा वर्गात 'हे तुम्हाला झालंय' हे वाक्य एक तृतीयांशाहून अधिक मुलांच्या बाबतीत खोटं असतं.

शेजारच्या कर्नाटकात काय केलं ते पाहा. बेळगावच्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासक्रमात थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या डिप्लोमाधारकांसाठी तिसऱ्या आणि चौथ्या सेमिस्टरला अ‍ॅडिशनल मॅथेमॅटिक्सचे दोन विषय सक्तीचे होते. त्यांना क्रेडिट नव्हतं, पण त्यांचा स्वतंत्र सिलॅबस होता, तास होते, विद्यापीठाची परीक्षा होती. त्यातली मला सर्वात आवडलेली गोष्ट अशी : हा विषय राहिला म्हणून पुढच्या वर्षात जायला अडवत नव्हते, मात्र तो सुटल्याशिवाय पदवी मिळत नव्हती. ज्याने हा नियम लिहिला त्याने मागच्या बाकावरचा मुलगा पाहिलेला असणार. त्याच्या डोक्यावर आणखी एक एटीकेटी ठेवली नाही आणि त्याला मोकळंही सोडलं नाही. बीएस्सी करून येणाऱ्यांना तिथे गणिताऐवजी ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स करायला लावत, म्हणजे ज्याचं जे राहिलं ते त्याला. आंध्र आणि तेलंगणातली वाट वेगळी. तिथे थेट दुसऱ्या वर्षासाठीच्या ईसेट या प्रवेश परीक्षेत २०० पैकी ५० गुण गणिताचे असतात, त्यामुळे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षात मुलं पुन्हा गणिताची पुस्तकं उघडतात. आपल्याकडे प्रवेश डिप्लोमाच्या टक्क्यांवर होतो. मी परीक्षा मागत नाही. परीक्षा आली की तिचे क्लास आले, आणि क्लासची फी भरू न शकणारी मुलंच मुळात डिप्लोमाला जास्त येतात. पण परीक्षा नसेल तर उजळणीची सोय दुसऱ्या कुणीतरी करायला हवी, आणि ते काम आपलं आहे.

मग सेतू कधी बांधायचा? सेमिस्टर सुरू झाल्यावर, शनिवारी दुपारी, हे जमणारं नाही. त्या काळात मुलगा आधीच सहा आठवड्यांच्या जर्नल्स आणि असाइनमेंट्स मागून लिहीत असतो. त्यासाठी एक मोकळा काळ आहे, पण त्याच्याकडे अजून कुणी पाहिलेलं दिसत नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या सेमिस्टरचा पेपर मे-जूनच्या सुमारास संपतो. निकाल, नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, गुणवत्ता यादी, ऑप्शन फॉर्म, फेऱ्या हे सगळं उरकून मुलगा वर्गात पोचेपर्यंत ऑगस्ट जातो, अनेकदा सप्टेंबरही जातो. तीन महिने तो घरी असतो. कुणी कंपनीत शिफ्ट करतो, कुणी दुकानात बसतो, कुणी नुसता मोबाइलवर फेरीची तारीख बघत बसतो. हे तीन महिने त्याच्या सगळ्या शिक्षणातले सर्वात उपयोगाचे होऊ शकतात.

सेतू अभ्यासक्रम तेव्हाच, आणि डिग्री कॉलेजात नव्हे, तर तंत्रनिकेतनांत घ्यावा. तंत्रनिकेतन मुलाच्या घराजवळ आहे, ओळखीचं आहे, त्याचे शिक्षक त्याला नावाने ओळखतात. राज्य तंत्रशिक्षण मंडळ आणि विद्यापीठांची अभ्यासमंडळं यांनी एकत्र बसून सिलॅबस लिहावा. रोज सकाळी दोन तास, म्हणजे दुपारची शिफ्ट करणाऱ्यालाही येता येईल. गणिताला चाळीस तास पुरेत, हे मी सहा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. पहिले दहा तास डिप्लोमाच्या इंटिग्रेशनची आणि डिफरन्शियल इक्वेशनची उजळणी, मग पार्शल डिफरन्सिएशन, मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यू, शेवटी मल्टिपल इंटिग्रल. सिद्धता नकोत. कल्पना आणि भरपूर गणितं हवीत.

शाखा बदलू इच्छिणाऱ्यांसाठी आणखी चाळीस तास, जिकडे जायचं आहे त्या शाखेप्रमाणे. कॉम्प्युटर, आयटी, एआयकडे जाणाऱ्याला सी भाषा फंक्शन, अ‍ॅरे, पॉइंटर, स्ट्रक्चरपर्यंत, आणि नंबर सिस्टिम. इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सकडे जाणाऱ्याला किरचॉफचे नियम, नेटवर्क थिअरम्स, फेझर. सिव्हिल-मेकॅनिकलकडे जाणाऱ्याला फ्री बॉडी डायग्राम आणि प्रोजेक्शन्स. इकडे येणारे कमी असतात, पण असतात, आणि ज्याला फ्री बॉडी डायग्राम काढता येत नाही त्याच्यासाठी पुढचा प्रत्येक विषय अंधारात चाचपडण्यासारखा होतो.

यात एक जास्तीचा फायदा आहे. चाळीस तास सी भाषा केल्यावर मुलाला स्वतःलाच कळेल की हे आपल्याला आवडतंय की नाही. ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कळेल. माझ्या त्या मित्राला हेच मिळायला हवं होतं. आज ऑप्शन फॉर्मवर कॉलेजचा कोड आणि शाखेचं नाव एवढंच असतं, आणि त्या दोन गोष्टींवर मुलं तीन वर्षांचा निर्णय घेतात. कुठली शाखा घेताना काय आधी येत असणं गृहीत धरलं आहे, याचं प्रत्येक शाखेचं एक पान माहितीपुस्तिकेत मराठीत छापलं तरी पुष्कळ होईल. शाखा बदलूच नये असं काहींना त्या पानावरून वाटेल, तर तेही चांगलंच. मेकॅनिकलमध्ये राहून जादा १८-२० क्रेडिटची मायनर डिग्री कॉम्प्युटरमध्ये करण्याची वाट आता अनेक ठिकाणी आहे. सीएनसी आवडणाऱ्या, पण लेथचाही कंटाळा नसलेल्या मुलाला ती वाट जास्त मानवेल. मी डिग्रीला होतो तेव्हा ती असती, तर मीही दोनदा विचार केला असता.

निर्णय चुकलाच तर परतीची सोयही हवी. नियमित मुलाला फर्स्ट इयरनंतर, जागा असेल तर, शाखा बदलून मागता येते. डायरेक्टवाल्याला असा क्षणच येत नाही. त्याने ऑप्शन फॉर्मवर जे लिहिलं ते कायमचं. पहिल्या सहा आठवड्यांत त्याच कॉलेजात त्याच्या डिप्लोमाच्या शाखेत जागा रिकामी असेल, तर तिथे परत जाण्याची मुभा द्यावी. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या जागा अनेक कॉलेजांत रिकाम्या राहतात, त्यामुळे यात कुणाचा हक्क हिरावला जाणार नाही.

प्रवेशाच्या तारखांबद्दल लांबवत नाही, आपल्याला ते माहीत आहे. फेऱ्या लवकर संपवणं आपल्या एकट्याच्या हातात नसतं. पण उशिरा आलेल्या मुलाची हजेरी त्याच्या प्रवेशाच्या दिवसापासून मोजावी आणि आल्यापासून दहाव्या दिवशी त्याची पहिली चाचणी घेऊ नये, एवढं तर विद्यापीठाच्या एका परिपत्रकाने होईल. माझी आठव्या दिवशी घेतली होती. वीसपैकी तीन मिळाले.

आणि आपल्या बैठकीत ही मुलं दुबळी म्हणून समोर ठेवली जाऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. डिप्लोमाचा मुलगा कारखान्यात ट्रेनिंग करून आलेला असतो. त्याने कॅपस्टोन, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, प्रोजेक्ट केलेला असतो. मशीन बंद पडलं तर घाबरत नाही, फाइल वेळेवर लिहितो, मोजमाप घेतल्याशिवाय आकडा लिहीत नाही. थर्ड इयरपर्यंत टिकला की प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना तोच हवा असतो. मी पाहिलेली शाखा बदललेली मुलं तर दोन शाखांची भाषा बोलतात. मी आज ज्या कामाचा पगार घेतो ते कारखान्यातल्या मशीनचा डेटा वाचण्याचं सॉफ्टवेअर आहे. स्पिंडलचा (मशीनच्या फिरत्या दांड्याचा) लोड म्हणजे काय, हे माझ्या टीमला मी समजावून सांगतो. अशा माणसांची गरज वाढत जाणार आहे, आणि ती माणसं तिसऱ्या सेमिस्टरला, पाया घालण्याआधीच, गळून पडतात.

माझे तिसऱ्या सेमिस्टरला दोन विषय राहिले होते, एम-थ्री आणि डेटा स्ट्रक्चर्स. दोन्ही पुढच्या परीक्षेत सुटले, कारण वसतिगृहातल्या एका सीनियरने महिनाभर रात्री जेवणानंतर माझ्यासाठी वेळ काढला. तोही डायरेक्टवालाच होता. त्यालाही त्याच्या आधीच्या कुणीतरी शिकवलं होतं. वर्षानुवर्षं हा सेतू मुलंच एकमेकांसाठी बांधत आली आहेत, रात्री, जमेल तसा. ज्याला असा सीनियर भेटत नाही तो परत जातो.

रविवारच्या वर्गात मुलांनी विचारलेले प्रश्न मी सहा वर्षं एका वहीत लिहून ठेवले आहेत. कुठल्या शाखेचा डिप्लोमा, कुठल्या शाखेत प्रवेश, कुठल्या विषयात नेमकं कुठे अडलं, असं सगळं त्यात आहे. शंभरावर पानं झाली आहेत. सेतू अभ्यासक्रमाचा सिलॅबस लिहायला बसणाऱ्या कुठल्याही अभ्यासमंडळाला तिचा उपयोग होईल असं मला वाटतं. मी ती स्कॅन करून ठेवली आहे. मागितल्यास त्याच दिवशी पाठवीन, आणि बोलावलंत तर रजा काढून स्वतः घेऊन येईन. पुढच्या उन्हाळी परीक्षेचा शेवटचा पेपर होण्याआधी ती आपल्या हातात पडावी, एवढी इच्छा आहे.

आपला,
मेकॅनिकलमधून कॉम्प्युटरला आलेला एक डायरेक्ट सेकंड इयरचा माजी विद्यार्थी